एक्केचाळीस गुणांचं काय करायचं? एम.एड.ची सीईटी आणि गुणांचा अर्थ

बसा, मागच्यांनी पुढे या, इथे पंखा आहे.

आजचा विषय आम्ही ठरवलेला नाही, तो आमच्याकडे चालत आला. मागच्या व्याख्यानानंतर एक बाई थांबल्या होत्या. वय तिशीच्या आत. इथल्याच, मानकोलीच्या. एका खासगी शाळेत शिकवतात, बी.एड. झालंय, यजमान हायवेलगतच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर. त्या म्हणाल्या, "सर, एम.एड.च्या सीईटीला शंभरपैकी एक्केचाळीस आलेत. घरचे म्हणतात, एवढ्या गुणांवर पुढे शिकून काय करणार. सोडून देऊ का?"

उभ्या-उभ्या उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. आम्ही म्हटलं, पुढच्या वेळी यावरच बोलू. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने प्रवेश परीक्षेवर काय बोलायचं, असं कोणाला वाटेल. पण 'एक्केचाळीस' ही खूण आहे आणि त्या खुणेवरून आपण एका माणसाबद्दल निष्कर्ष काढतो आहोत. खुणेवरून निष्कर्ष कधी काढता येतो, याचा विचार आपल्याकडच्या नैयायिकांनी दोन हजार वर्षं केलाय. तेव्हा आम्ही आमच्या हद्दीतच आहोत.

आधी व्यवहार समजून घेऊ. एम.एड. म्हणजे शिक्षणशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, आणि प्रामुख्याने शिक्षकांना शिकवणारे शिक्षक तयार करणारी. मुंबई विद्यापीठात ती १९३६ सालापासून आहे. पूर्वी एका वर्षाची असे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २०१४ साली नवे नियम आणले आणि ती दोन वर्षांची झाली. (आता पुन्हा एक वर्षाचा पर्याय आणण्याचा मसुदा २०२५ मध्ये निघाला. आमच्या पिढीने एवढे आकृतिबंध पाहिलेत की आता आश्चर्य वाटत नाही.) प्रवेशाला बी.एड.ला किमान पन्नास टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत असते.

महाराष्ट्रात त्यापुढचं काम राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाचं, ज्याला सगळे सीईटी सेल म्हणतात. परीक्षा संगणकावर होते. शंभर प्रश्न, शंभर गुण, नव्वद मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते आणि यादीच्या क्रमाने कॉलेजं मिळतात. तुमचे बी.एड.चे गुण, तुम्ही किती वर्षं शिकवलंत, कसं शिकवलंत, यातलं काहीही या रांगेत तुमचा नंबर पुढे सरकवत नाही. बी.एड.चे पन्नास टक्के उंबऱ्यापुरते, आत गेल्यावर सगळी मदार सीईटीवर.

म्हणजे गुणांना महत्त्व किती? कागदावर पाहिलं तर शंभर टक्के. प्रत्यक्षात मात्र रांगेतल्या नंबराचं महत्त्व रांगेच्या लांबीवर असतं. रेशनच्या दुकानात पन्नास पोती असतील आणि माणसं तीस, तर तुम्ही पहिले की तिसावे याने काय फरक पडतो? शासकीय किंवा अनुदानित कॉलेज, जिथे फी कमी आणि नाव जुनं, तिथे एकेका गुणावर माणसं मागे पडतात. आणि विनाअनुदानित अशीही कॉलेजं आहेत जिथे फेऱ्या संपल्यावरही जागा उरतात. तिथे एक्केचाळीसवाला आणि एक्क्याऐंशीवाला एकाच बाकावर बसतो. राज्याच्या अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या नियमांत प्रवेश परीक्षेच्या गुणांची अट काय असते माहीत आहे? गुण शून्य नसावेत. बस. तेव्हा गुणांना सगळ्यात जास्त किंमत असते ती ज्याच्या खिशात फीचे पैसे नाहीत त्याच्यासाठी. ज्याला विनाअनुदानित कॉलेजची फी परवडते, त्याला कमी गुण खपून जातात. हा मुद्दा लक्षात ठेवा, नंतर लागेल.

आता त्या एक्केचाळीसकडे पाहू. आम्ही गणिताचे नाही, पण एवढं गणित सगळ्यांना यायला हवं. प्रश्नाला चार पर्याय, उणे गुण नाहीत. कोणी प्रश्न न वाचता नुसती बटणं दाबली तर सरासरी पंचवीस गुण मिळतील. नशिबाने कोणाला वीस, कोणाला तीस. म्हणजे या परीक्षेत खरी पातळी शून्यापासून नाही, पंचविसापासून सुरू होते. ज्याला एक्केचाळीस आहेत त्याला नक्की येत होते असे प्रश्न किती असावेत? समजा एकवीस आले, उरलेल्या एकोणऐंशीचा अंदाज मारला आणि त्यातले चौथा हिस्सा, म्हणजे वीसेक, बरोबर निघाले. झाले एक्केचाळीस. बाईंना हे ऐकून वाईट वाटेल, पण गोड बोलून आम्ही त्यांचं काही भलं करणार नाही. त्या दिवशी, त्या प्रश्नांपैकी, त्यांना खात्रीने येत होते ते साधारण वीस-बावीस.

याची दुसरी बाजूही आहे. अशा परीक्षेत नशिबाचा हिस्सा मोठा असतो. तीच बाई, तीच तयारी, आठवड्याने दुसरी प्रश्नपत्रिका दिली तर छत्तीस येतील किंवा सेहेचाळीस येतील. चार-पाच गुण इकडे-तिकडे हा नुसता वाऱ्याचा खेळ. पण यादीला वारा कळत नाही. तिला बेचाळीसवाला एक्केचाळीसवाल्यापेक्षा सरस दिसतो, आणि मध्ये पन्नास माणसं असली तर एका गुणाने पन्नास नंबर मागे. ज्या फरकाला अर्थ नाही त्या फरकाने गाव बदलतं, फी बदलते.

तुलनेसाठी सांगतो. केंद्रीय विद्यापीठांत एम.ए. शिक्षणशास्त्र किंवा एम.एड.ला जायचं तर सीयूईटी-पीजी नावाची परीक्षा द्यावी लागते. ती २०२२ पासून सुरू झाली. तिथे बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. पंचाहत्तर प्रश्न, तीनशे गुण. तिथे आंधळेपणाने बटणं दाबणाऱ्याच्या हाती सरासरी एकोणीस गुणसुद्धा येत नाहीत, म्हणजे सहा टक्के. तेव्हा 'इकडे एक्केचाळीस टक्के, तिकडे तीस टक्के' अशी तुलना कोणी करत असेल तर ती मणाची आणि मैलाची तुलना आहे.

आता आमच्या घरी येऊ, न्यायदर्शनात.

डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे आग आहे असं आपण म्हणतो. हे अनुमान का चालतं? कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, असा न सुटणारा संबंध आपल्याला माहीत आहे. त्याला व्याप्ती म्हणतात. गुण हा धूर आणि पात्रता ही आग. चांगला शिक्षक-प्रशिक्षक होण्याची क्षमता कोणी डोळ्याने पाहिलेली नाही, दिसतो तो धूर.

इथे दोन चुका होऊ शकतात आणि दोन्ही नैयायिकांनी सांगून ठेवल्यात. पहिली चूक, जो धूर नाही त्यालाच धूर समजणं. थंडीत पहाटे खाडीकडे पाहा, उल्हास नदीवर धुकं तरंगत असतं, लांबून कोणालाही वाटावं की काही जळतंय. क्लास लावून, दोन हजार प्रश्न पाठ करून आलेले गुण हे पुष्कळदा धुकं असतं. अमुक आयोग कोणत्या साली, तमुक सिद्धांत कोणाचा, या धर्तीच्या प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असणं म्हणजे शिक्षण समजणं नव्हे. आम्ही असे विद्यार्थी पाहिलेत की ज्यांना जॉन ड्युईचं जन्मसाल माहीत होतं आणि ड्युई काय म्हणाला ते माहीत नव्हतं.

दुसरी चूक जास्त घातक. 'जिथे धूर तिथे आग' हे खरं आहे म्हणून 'जिथे आग तिथे धूर' हेही खरं, असं धरून चालणं. नैयायिक लगेच लोहाराच्या भट्टीतला तापलेला लोखंडाचा गोळा समोर ठेवतात. लालबुंद आहे, हात लावला तर भाजेल, पण धूर? एक रेघ नाही. मग आगीला धूर केव्हा येतो? लाकूड ओलं असेल तेव्हा. या लपलेल्या अटीला 'उपाधी' म्हणतात, आणि 'तर्कसंग्रहा'त, जो आमच्या पिढीने पहिल्या वर्षाला घोकला, ओल्या लाकडाचं हेच उदाहरण आहे.

आपल्या प्रकरणात ओलं लाकूड कोणतं? संगणकावर परीक्षा देण्याची सवय. रोज दोन तास अभ्यासाला मोकळे मिळणं. जवळ ग्रंथालय असणं. आईबापांपैकी कोणीतरी अशा परीक्षा दिलेल्या असणं. आग सारखीच असली तरी ज्याच्याकडे हे आहे त्याचा धूर दिसतो. ज्या बाई सकाळी शाळा, दुपारी घर, संध्याकाळी शिकवण्या करून रात्री अकराला पुस्तक उघडतात त्यांचा दिसत नाही. म्हणून जास्त गुणांवरून काहीतरी सांगता येतं, तेही धुकं वगळून. कमी गुणांवरून 'हिच्यात क्षमता नाही' असं म्हणणं हा तर्कदोष आहे. घरच्यांना एवढं सांगा. आमचं नाव सांगितलंत तरी चालेल.

मग सीईटी वाईट का? थांबा, एवढ्या लवकर निकाल देऊ नका. इथे आम्हाला आमची स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती आमच्या बाजूची नाही.

खूप वर्षांपूर्वी आम्ही एका संस्थेच्या प्रवेश समितीवर होतो. लेखी परीक्षा नव्हती, मुलाखत होती. आम्हाला मुलाखतीचा भारी अभिमान, की माणूस समोर बसला की आम्हाला पाच मिनिटांत कळतो. एक मुलगा आला. बोलणं आगरी वळणाचं, वाक्य तुटक, घाम पुसत होता. आम्ही विचारलं, शिक्षण म्हणजे काय? तो म्हणाला, पोराला घाबरायचं बंद करणं. आम्ही तिघे एकमेकांकडे पाहून हसलो. त्याच्यानंतर आलेल्याने स्वच्छ प्रमाण भाषेत तीन व्याख्या म्हणून दाखवल्या. जागा त्याला दिली. आज ते तुटक वाक्य आम्हाला आठवतं आणि त्या तीन व्याख्या आठवत नाहीत. तो मुलगा पुढे काय झाला, माहीत नाही. दोष कोणा दुसऱ्याचा नाही, आमच्या कानाचा होता.

संगणकाला कान नाही. आडनाव, हेल, कपडे, कोणाची चिठ्ठी, यातलं काही त्याला कळत नाही. सीईटीची ही खरी बाजू आहे, आणि ती आली कुठून तेही बघण्यासारखं आहे. खासगी व्यावसायिक कॉलेजं वाढली, देणग्या वाढल्या, कोर्टात खटले गेले. त्यातला एक आपल्याच राज्यातला, 'पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन', सर्वोच्च न्यायालय, २००५. त्यात आणि त्याच्या आगेमागे आलेल्या निकालांत न्यायालयाची भूमिका अशी राहिली की संस्था खासगी असली तरी प्रवेशाची रीत न्याय्य, पारदर्शक आणि पिळवणूक न करणारी हवी, आणि सामाईक परीक्षा ही त्यासाठीची वाट. पुढे २०१५ साली राज्याने खासगी विनाअनुदानित संस्थांच्या प्रवेश आणि शुल्कावर कायदा केला आणि त्यातून आजची व्यवस्था उभी राहिली.

म्हणजे सामाईक परीक्षेचा मुख्य हेतू कोणाची बुद्धी मोजण्याचा नव्हता. ते दाराला लावलेलं कुलूप आहे, पैशाची पिशवी घेऊन कोणी मागच्या दाराने येऊ नये म्हणून. कुलूप म्हणून ते बऱ्यापैकी काम करतं. आपण त्याला तराजू समजून त्यावर माणसं जोखायला लागलो, ही गफलत झाली. आणि कुलूपही फुटतं बरं का. शिक्षक पात्रता परीक्षेचं, टीईटीचं, २०१९-२० चं प्रकरण आठवत असेल. गुण वाढवून हजारो उमेदवार पात्र दाखवल्याचं उघड झालं आणि त्यांची प्रमाणपत्रं रद्द करावी लागली. एका आकड्यावर सगळं टांगलं की त्या आकड्याची बोली लागते.

शिक्षक शिक्षणात हे कुलूप का लागलं याला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रातल्याच डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. एनसीटीईचे २०१४ चे नियम त्या अहवालाचं फळ. शिक्षक घडवणारी कॉलेजं दुकानं झाली आहेत ही बाब तेव्हा देशापुढे आली. विद्यार्थी निवडण्याची परीक्षा कडक झाली, पण आत गेल्यावर शिकवतं कोण, याची तेवढी कडक परीक्षा होते असं आम्हाला दिसत नाही.

मधलाही एक मार्ग आहे. परीक्षा फक्त चाळणी म्हणून ठेवायची आणि पुढे माणसं बोलावून बोलायचं. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, टिस, पूर्वी स्वतःची परीक्षा घेत असे, २०२४ पासून सीयूईटी-पीजीचे गुण धरते आणि पुढच्या टप्प्यावर मुलाखत ठेवते. बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात एम.ए. शिक्षणशास्त्राला लेखी परीक्षा आणि मुलाखत दोन्ही असतात. आमचं मत याच बाजूला झुकतं, एका अटीवर. मुलाखत घेणाऱ्यांत एक तरी माणूस असा हवा ज्याच्या कानाला आगरी, अहिराणी, वऱ्हाडी ऐकायची सवय आहे.

न्यू जर्सीतल्या एका नातेवाईकांचा फोन आला होता, त्यांच्या मुलीलाही शिक्षणातच मास्टर्स करायचंय आणि जीआरई द्यावी का हा प्रश्न. तिकडे ही परीक्षा १९३० च्या दशकापासून आहे. कोरोनाच्या काळात अनेक विद्यापीठांच्या शिक्षण विभागांनी ती ऐच्छिक केली किंवा काढूनच टाकली. गंमत म्हणजे जीआरई घेणारी ईटीएस ही संस्था स्वतःच सांगते की नुसत्या या गुणांवर कोणाला नाकारू नका. तिथे निबंध, शिफारसपत्रं, अनुभव हे सगळं पाहतात. पण शिफारसपत्र कोणाला चांगलं मिळतं? ज्याची प्राध्यापकांशी उठबस आहे त्याला. ओलं लाकूड तिथेही आहेच, फक्त झाड वेगळं.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: "प्रवेश मिळालेल्या मुलांत सीईटीचे गुण आणि नंतरचं यश यांचा संबंध दिसत नाही, मग परीक्षा निरर्थकच ना?" चांगला प्रश्न. इथल्या गोडाऊनचं उदाहरण घ्या. माल चढवायला माणूस ठेवताना मुकादम बघतो की पन्नास किलोचं पोतं उचलतो का. उचलणाराच कामावर राहतो. वर्षभराने बघा, सगळ्यात चांगला कामगार कोण? जो वेळेवर येतो, माल फोडत नाही, सोबत्याला सांभाळतो. ताकदीचा संबंध दिसणार नाही, कारण ज्यांच्यात ती नव्हती ते दाराबाहेरच राहिले. म्हणून ताकद निरर्थक होती असं म्हणता येत नाही, एका मर्यादेपलीकडे ती पुरत नाही एवढंच. सीईटीचं तसंच. वीस आणि सत्तर यांत फरक आहे. साठ आणि सत्तर यांत कोण चांगला शिक्षक-प्रशिक्षक होईल हे ती परीक्षा सांगत नाही. ते कळायला वर्गात मागे बसून त्याचा तास पाहावा लागतो. गिल्बर्ट राइल नावाच्या तत्त्वज्ञाने १९४९ साली 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' असे दोन प्रकार वेगळे केले. पोहण्यावरचे शंभर प्रश्न सोडवणारा खाडीत उतरला की बुडू शकतो, हे मानकोलीत कोणाला सांगायला नको.

आता बाईंकडे. त्या आज आल्यात, तिकडे खिडकीपाशी बसल्यात. अगं, सोडू नकोस, पण डोळे उघडे ठेव. यंदाच्या फेऱ्यांत अर्ज भर. पसंतीक्रमात शासकीय आणि अनुदानित कॉलेजं वर टाक, मिळो न मिळो, टाकायला पैसे पडत नाहीत. विनाअनुदानित कॉलेज मिळालं तर फी आणि प्रवास यांचा हिशेब कागदावर मांड. मोठागावच्या पुलामुळे डोंबिवली आता जवळ आलीय, पण दोन वर्षं रोज जायचंय. कर्ज काढून नुसती पदवी विकत घ्यायची असेल तर आमचा सल्ला थांबण्याचा आहे. पुढे बी.एड. कॉलेजात नोकरी हवी असेल तर एम.एड.ला पंचावन्न टक्के आणि नेट किंवा सेट लागेल, म्हणजे परीक्षा सुटणार नाहीतच. तेव्हा एक वर्ष थांबून नीट तयारी करून पुन्हा सीईटी देणं हे हरणं नाही. अलीकडे ती मार्चच्या सुमारास होते, हातात महिने आहेत. आणि नुसतं शिक्षणशास्त्र वाचायचं असेल, तर इग्नूचं एम.ए. शिक्षणशास्त्र घरबसल्या, प्रवेश परीक्षेशिवाय करता येतं. ते एम.एड. नव्हे, हे मात्र ध्यानात ठेव.

पंचविसाचं गणित लक्षात आहे ना? एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न, म्हणजे एकाला चोपन्न सेकंद. ही सवय संगणकावरच करावी लागते, वहीत होत नाही. इथल्या वाचनालयात एक संगणक आहे, तो चालू असतो की नाही ते आम्ही बघतो. ड्युई, राइल आणि आपले फुले-आंबेडकर आम्ही शिकवू, संख्याशास्त्राला मात्र दुसरं कोणी बघावं लागेल, ते आमच्याने व्हायचं नाही.

काय म्हणालात? शनिवारी शाळा अर्धी असते? मग शनिवारी या, तीन वाजता. येताना यजमानांनाही आणा.